दाबलं की शून्य

कास्त्रोला, खांबांवर उभ्या त्या घरात,
जिथे भरती फळ्यांखाली येऊन कान लावून बसते,
मी आईच्या खाटेशेजारी एक बटण ठोकलं.
हिरवं, गोल, बंद पडलेल्या शिवणयंत्राचं.
त्यामागे काडेपेटीएवढ्या डबीत एक पाटी,
पाटीपासून रिलेपर्यंत तार,
रिलेपासून खिडकीतल्या दिव्यापर्यंत दुसरी.

दिवा दोघांचा.
तिनं बटण दाबायचं,
मी पुन्ता अरेनासमधून, कोळंबीच्या शीतगृहातून,
हातमोजा दातानं ओढून
फोनवरून एक शब्द सोडायचा: उलट.
पेटलेला असेल तर विझ, विझलेला असेल तर पेट.
पाटी विचारत नाही कुणी सांगितलं.

आईला समजावलं, मोकळं असताना ही पिन एक वाचते,
दाबलं की शून्य.
एदुविना आल्व्हाराडो, वय एकोणऐंशी,
लोकर गुंडाळायची थांबली.
"माणूस हात लावतो,
आणि तुझं यंत्र म्हणतं, काही नाही?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्क्रू आवळत राहिलो.

पहिल्याच आठवड्यात दिवा पिसाटला.
धातूच्या दोन जिभा एकमेकींना भेटताना
क्षणभर थरथरतात.
दाब एक, पाटीला ऐकू येतात नऊ.
मी लिहिलं: पन्नास मिलिसेकंद थांब, मग विश्वास ठेव.
पुस्तकात तेवढंच लिहिलेलं असतं.

तरी दिवा चालू, बंद, चालू.
मग लक्षात आलं, धातू केव्हाच शांत झालाय,
बोट झालेलं नाही.
तीनशे केलं. पुढच्या हिवाळ्यात सहाशे.
आता नऊशे आहे.
डॉक्टरांच्या कागदावर तिच्या हाताबद्दल बरंच काही आहे,
माझ्याकडे हा एक आकडा.

एकदा दोघांनी एकाच सेकंदाला उलटवलं.
ती अंधारात बसून राहिली,
मी इथे समाधानानं जेवलो.
सकाळी शेजारचा रोसामेल आला,
बोटीच्या इंजिनाला देतात तशी डबीला थाप दिली,
आणि गावभर सांगितलं की
पोराचं यंत्र मार खाल्ल्याशिवाय चालत नाही.

फोनवर ती म्हणते, झोप छान लागते.
पण प्रत्येक दाबाची नोंद माझ्याकडे येते.
दोन चाळीस, पेटला.
दोन चव्वेचाळीस, विझला.
चार पंधरा.
हिवाळ्यात आमचं घड्याळ तिच्यापुढे एक तास,
तो वजा करूनही रात्र रात्रच राहते.
मी विचारत नाही. विचारलं
तर ती बटणाला हात लावणार नाही,
भिंत चाचपत चुलीपर्यंत जाईल.
वाटेत तो उंबरा आहे,
बाबांनी जरा जास्तच उंच बसवलेला.

म्हणून परवा एक ओळ वाढवली, फार हुशारीची नाही:
बटण हातानं दाबलं गेलं असेल
तर पुढची वीस मिनिटं
हवेतून आलेलं काहीही ऐकू नकोस.
माझंही नाही.

काम सोपं होतं. तरी बोट बराच वेळ
त्या ओळीवर थांबलं. शेजारी
गोठलेल्या खोक्यांवर कुणीतरी तारखा मारत होतं,
ठप्प, ठप्प,
आणि कुठलीच मारताना हात कापत नव्हता.

आज पहाटे, तिच्या घड्याळात तीन दहा,
उगीच शब्द सोडून पाहिला.
उत्तर आलं: नाकारलं.

बरं.
म्हणजे उठली आहे.
चुलीत तेपूचं लाकूड सरकवत असेल,
किटली अजून गप्प असेल,
आणि खिडकीत दिवा
तिनं ठेवलाय तसा.

मी हातमोजा चढवला.